सगळे एक जूनचे

१६ फेब्रु. २०१६, मंगळ

आज ऑफिसात बॉस शर्लीने अ‍ॅप तपासायची माझी टेस्ट केस लाल करून परत पाठवली. मी लिहिलं होतं, 'मॅच ड्रॉ'. बेसबॉलमध्ये ड्रॉ नसतो म्हणे. बरोबरी झाली तर खेळत राहायचं, एक जण हरेपर्यंत. मला हे कोण सांगणार होतं? मी क्रिकेटच्या घरात सून म्हणून आले, बेसबॉलच्या नाही.

संध्याकाळी आईचा पुण्याहून फोन. नवीन काम काय, विचारत होती. म्हटलं, पश्चिम आफ्रिकेत कोणी पैसेवाले बेसबॉलची प्रोफेशनल लीग काढणार आहेत, त्यांना आमचं स्कोअरचं अ‍ॅप विकायचंय. लीग अजून जन्मलेली नाही, म्हणून आम्ही ऑफिसात एक खोटी चालवतोय. खोट्या टीम, खोटे खेळाडू. मशीन एकेक चेंडू टाकतं, मशीनच मारतं आणि अ‍ॅपवर खऱ्या मॅचसारखं दिसत राहतं. आई म्हणाली, "आणि याचा पगार देतात?"

अप्पा आज दिवसभरात 'चहा झाला का' एवढंच बोलले. माई, माझ्या सासूबाई, जाऊन चार महिने होत आले. माझा नवरा नि. त्यांना चिंचवडहून इथे घेऊन आला आणि स्वतः सोमवार ते शुक्रवार जकार्तात. सासरे आणि सून सिंगापुरात, सेंगकांगच्या चौदाव्या मजल्यावर एकमेकांकडे न बघता चहा पितात. मे महिन्याच्या दोन तारखेचं त्यांचं परतीचं तिकीट आहे. तिकडे एकटे राहणार. कसे राहणार, हे कोणी विचारत नाही. मीही नाही.

१८ फेब्रु., गुरु

खेळाडूंच्या जन्मतारखा भरल्या. कंटाळवाणं काम. पाठ होत्या त्या घातल्या. लेक ईराची, नि.ची, माझी, माईंची. बाकी झाडून सगळ्यांना १ जून, वर्षं फक्त बदलली. हात आपोआप तिकडेच गेला. आमच्या दोन्ही घरांत पन्नाशीपुढचं निम्मं माणूस एक जूनचं. शाळेत नाव घालताना गुरुजींना तारीख हवी असायची, घरी कोणाला माहीत नसायची, गुरुजी टाकून द्यायचे. अप्पाही एक जूनचेच.

शर्लीने क्लायंटला खरं वाटावं म्हणून 'डेमो' ही पाटी काढायला लावली.

२३ फेब्रु., मंगळ

जुन्या टॅब्लेटवर अ‍ॅप नीट चालतंय का बघायचं म्हणून घरी लावून ठेवलं होतं. मॅच तिकडच्या सकाळी दहाच्या, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सहा. मी भाजी फोडणीला टाकत होते. मागून आवाज आला.

"मीनल, हा चेंडूला बॅट न लावता नुसता उभा राहिला, तरी याला स्ट्राइक का दिला?"

मी डाव हातात घेऊन तशीच. चार महिन्यांत चहाखेरीज पहिला प्रश्न. म्हटलं, चेंडू टप्प्यात असेल अप्पा, मारायला हवा होता. 'टप्प्यात' म्हणजे काय, मला स्वतःला माहीत नाही. अप्पा म्हणाले, असं कसं, सोडायचा हक्क नको का माणसाला. मग पूर्ण मॅच बघितली. भाजी करपली, तशीच खाल्ली.

सांगायचं राहिलं की हे खोटं आहे. उद्या सांगते.

२८ फेब्रु., रवि

सांगितलं नाही. आणि आता तर पंचाईतच झाली.

अप्पांनी टीम निवडली, टेमा डॉकर्स. म्हटलं का हो, हीच का? बंदरावरची माणसं, मेहनती असणार, म्हणाले. मग चष्मा पुसला. म्हणाले, "त्यांचा पिचर आहे ना, म्हणजे बोलर, क्वेसी. एकोणीस नोव्हेंबरचा आहे."

माईंची तारीख. मी टाकलेली.

पुढे म्हणाले, "बाकी सगळी टीम एक जूनची. बघितलंस? तिकडेही गुरुजीच टाकतात वाटतं. याची मात्र कोणीतरी घरी लिहून ठेवली." आणि हसले. दात दिसतील इतके हसले.

मी उठून वॉशिंग मशीन लावलं. रिकामंच फिरलं.

५ मार्च, शनि

अप्पा टॅब्लेट घेऊन खाली जातात. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दगडी टेबल आहे, तिथे गोह अंकल रोज एकटे पेपर वाचत बसतात, सहाव्या मजल्यावरचे. त्यांनी शाळेत सॉफ्टबॉल खेळलाय. आता अप्पांचे गुरू ते. अप्पांचं इंग्रजी कारखान्यातलं, अंकलचं त्यांचं स्वतःचं, पण भांडण उत्तम होतं.

आजचा वाद फाउलवर. अप्पांचं म्हणणं, मागे मारला की फाउल, म्हणजे अर्धं मैदान फुकट घालवलं. तीस वर्षं रविवारी अंपायरचा पांढरा कोट घालून चिंचवडच्या मैदानावर उभा राहिलेला माणूस, लेग ग्लान्स नाही हे त्याला सहनच होत नाही. अंकल शांतपणे म्हणाले, "युवर पिचर टायर्ड अल्रेडी. यू वॉच." आणि खरंच पुढच्या चेंडूला होमरन गेला.

घरी येताना लिफ्टमध्ये अप्पा मला पिचरचा दम कसा ओळखायचा ते समजावत होते. मी हो हो करत होते. दम कुठला, ती एक संख्या आहे, मीच खालीवर करून तपासली होती मंगळवारी.

१० मार्च, गुरु

अंकलनी अप्पांना विचारलं, "एव्हरीबडी बॉर्न फर्स्ट जून. हाऊ कॅन?" मी ईराला शाळेच्या बसमधून उतरवून तिथेच उभी. वाटलं, संपलं.

अप्पांनी टॅब्लेट खाली ठेवला आणि अंकलना सगळं सांगितलं. खेड्यातली शाळा, गुरुजी, रजिस्टर, बापाला तारीख माहीत नाही. आपल्या कारखान्यात एकतीस मेच्या संध्याकाळी अर्धी शॉप एकदम रिटायर व्हायची, हार कमी पडायचे. "आय ऑल्सो फर्स्ट जून," म्हणाले. अंकल म्हणाले, त्यांच्या आईनेही त्यांची तारीख नंतर कधीतरी अंदाजाने सांगितली होती.

फोटो का नाहीत, हे अंकलनी मागेच विचारलं होतं. नवीन लीग आहे, असं अप्पाच म्हणाले. माझी चूक माझ्याच सासऱ्यांनी निस्तरली. मला आनंद व्हावा की शरम वाटावी, ते कळेना. रात्रीचा भात दोनदा लावला.

१७ मार्च, गुरु

नि.शी फोन. म्हणाला, "खातायत ना नीट? बोलतायत ना? मग कशाला सांगतेस." त्याला जकार्तात बसून सोपं आहे. मला विचारायचं होतं की नंतर काय. सीझन एप्रिलअखेर संपतो, प्रोजेक्टही. तेव्हा एकदम सांगू? की तुमचा क्वेसी नाहीच, तुमची टेमा नाहीच, आणि माईंची तारीख हा योगायोग नव्हता, माझा आळशीपणा होता? परत गप्प झाले तर यावेळी त्यांना बोलतं कोण करणार?

ईराला सगळं माहीत आहे, माझ्या लॅपटॉपवर बघितलंय तिने. म्हणते, "आई, यू नेव्हर टेल आजोबा, मीन्स यू लायिंग, लाह." तिला गप्प बस म्हटलं. आठ वर्षांची आहे फक्त.

२५ मार्च, शुक्र

गुड फ्रायडे, सुट्टी. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि क्वेसीचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. जेवताना अचानक म्हणाले, "ते दोन तारखेचं तिकीट पुढे ढकलता येतं का गं? सीझन संपल्यावर लगेच निघायचं म्हणजे घाई होते." वाटीतली आमटी संपेपर्यंत मी मान वर केली नाही. डोळे भरले होते. आमटी तिखट झालीय म्हटलं.

ढकलता येतं. पण म्हटलं, चौकशी करते. खोट्या गोष्टीवर खरं तिकीट कसं बदलू?

८ एप्रिल, शुक्र

पाडवा. मी अर्धी सुट्टी घेतली. गुढी कुठे उभारायची हा दरवर्षीचा घोळ, यंदा अप्पांनी सोडवला. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूला बांधली. वरच्या मजल्यावरून कोणाचं तरी टॉवेलचं पाणी त्यावर ठिबकत होतं, पण दिसत होती झकास. खालून गोह अंकलनी हात केला. त्यांना श्रीखंड नेऊन दिलं.

सहाला मॅच. शर्लीने कालपासून 'दुखापत' हे नवीन फीचर चालू केलंय. मशीन अधूनमधून एखाद्याला जायबंदी करतं, कोणाला ते तेच ठरवतं. मला माहीत होतं. माझ्या डोक्यात आलंच नाही. चौथ्या इनिंगला स्क्रीनवर ओळ आली. क्वेसी, खांदा, उरलेल्या सीझनसाठी बाहेर.

अप्पांनी ओळ दोनदा वाचली. म्हणाले, "खांदा गेला." मग वर आले. श्रीखंडाला हात लावला नाही. सूर्यास्ताआधी गुढी उतरवायची असते, ती मीच उतरवली. ते खुर्चीत बसून होते, माई गेल्या तेव्हा बसले होते तसेच. मला ते पाहवेना.

९ एप्रिल, शनि

केलं. लॅपटॉप उघडला, क्वेसीच्या नावापुढची 'दुखापत' काढली, 'उपलब्ध' केलं. एवढं सोपं. शर्लीला कळणार नाही, कळलं तरी टेस्ट म्हणता येईल.

१२ एप्रिल, मंगळ

क्वेसी परत आला. टेमा जिंकली. अंकलनी टाळी दिली. अप्पांनी टाळी घेतली, पण मॅच संपायच्या आधीच उठले. मला वाटलं पाय दुखतायत.

जेवताना एक शब्द नाही. काय झालं अप्पा, विचारलं. "काही नाही." माझं काय चुकलं ते समजेना. माणूस परत आणून दिला, आणखी काय करायचं?

१४ एप्रिल, गुरु

सगळं आजच लिहून ठेवते.

ऑफिसातून आले तर अप्पा टेबलाशी बसलेले, टॅब्लेट बंद. ईराला आत पाठवलं. म्हणाले, "खांदा उतरलेला बोलर चार दिवसांत परत येत नाही. मी बघितलेत. ही लीग काय आहे, सांग."

मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं. बोलताना मधेच 'सर्व्हर' वगैरे शब्द येत होते, ते मलाच मूर्खासारखे वाटत होते. ते ओरडले नाहीत. फक्त विचारत गेले.

"निकाल आधी ठरलेला असतो?"

नाही म्हटलं. प्रत्येक चेंडू त्या त्या वेळी पडतो.

"तुला माहीत असतं कोण जिंकणार?"

"नाही. कोणालाच नसतं."

"मग त्यात खोटं काय?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "खांदा कोणी बरा केला?" मी म्हटलं, मी.

मग म्हणाले, "हे चुकलं तुझं. बाकी काही नाही चुकलं, हे चुकलं."

मी म्हटलं, अप्पा, तुम्ही पाडव्याला जेवला नाहीत. मला वाटलं...

"गेलेला गेला, मीनल. आपल्याला आवडतो म्हणून आत घ्यायचा नसतो." आणि थोड्या वेळाने, "ती तारीख?"

मी म्हटलं, पाठ होती म्हणून. टेस्टिंगवाले सगळे घरच्याच तारखा टाकतात. त्यांनी विचारलं, तुझी कोणाला दिलीस. लोमेच्या टीमच्या राखीव कॅचरला, म्हटलं, तो कधी खेळतच नाही. "हं," म्हणाले. हसू आलं होतं की काय, कळलं नाही. उठून झोपायला गेले.

१५ एप्रिल, शुक्र

सकाळी चहा घेताना म्हणाले, "तिकीट राहू दे. दोन तारखेलाच जातो."

नि. रात्री आला. त्याला म्हटलं, तूच बोल. तो म्हणाला, मला सुरुवातीला विचारलं असतंस तर. मी तुला विचारलं होतं रे बाबा, सतरा मार्चला. भांडलो. अप्पांना पलीकडे ऐकू गेलं असणार.

१९ एप्रिल, मंगळ

अप्पा परत खाली जायला लागलेत. म्हणजे आता काय? माहीत असूनही बघतात? की अंकलसाठी जातात? आज निघताना दारात थांबले.

"गोहला बोलू नकोस. त्याच्याकडे कोणी येत नाही."

आणि चपला घालता घालता, "क्वेसीला बाहेर बसवलंस का?"

नाही म्हटलं. "बसव." जाताना लिफ्टचं बटण दोनदा दाबलं.

संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसले. काढताना काही वाटलं नव्हतं. आता परत 'दुखापत' टाकायची, स्वतःच्या हाताने, तर जमेना. त्याच्या नावापुढे १९ नोव्हेंबर दिसतं. माई मला पहिल्यांदा पोळी लाटायला शिकवताना म्हणाल्या होत्या, गोल नाही झाली तरी चालेल, फुगली पाहिजे. हे आत्ता का आठवावं? ती फक्त एक ओळ आहे टेबलातली. बंद केला लॅपटॉप.

२२ एप्रिल, शुक्र

शर्ली म्हणाली, क्लायंट गेले दोन आठवडे मेलला उत्तर देत नाहीत. रविवारी फायनल होऊ दे, सोमवारी सर्व्हर बंद. "नो मोअर लीग, ओके?" मी ओके म्हटलं. तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो, माझी बी हून, तांदळाच्या शेवया, तशीच राहिली.

अप्पांना सांगितलं, रविवार शेवटचा. मान हलवली. बॅग कपाटावरून काढून ठेवलीय त्यांनी, अजून उघडी आहे.

२४ एप्रिल, रवि

फायनल, टेमा विरुद्ध लोमे. चार वाजता क्वेसीला बाहेर बसवलं. डोळे मिटून बटण दाबायचं ठरवलं होतं, पण मिटले तर माउस कुठे आहे दिसेना. उघड्या डोळ्यांनी केलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. कोणासाठी, विचारू नये.

सहाला आम्ही सगळे खाली. नि., ईरा, मी, अंकलनी सगळ्यांसाठी बार्ली वॉटर आणलेलं. टीमची यादी आली. अंकल म्हणाले, "एह, क्वेसी व्हेअर?"

अप्पांनी टॅब्लेटवरून नजर न काढता सांगितलं, "शोल्डर. ही केम बॅक टू फास्ट. नॉट करेक्ट." इतक्या सफाईने बोलले की क्षणभर मलाही वाटलं, त्या मुलाने खरंच घाई केली. माझ्याकडे एकदा बघितलं फक्त. राग नव्हता त्यात. काय होतं, ते सांगता येत नाही.

टेमा शेवटपर्यंत बरोबरीत होती. ड्रॉ नसल्यामुळे जादा इनिंग. मला नको होतं, ड्रॉ हवा होता, माझी पहिली टेस्ट केस बरोबर होती असं वाटत होतं. मग लोमेचा नेहमीचा कॅचर थकला म्हणून मशीनने राखीव आत पाठवला. सीझनमध्ये पहिल्यांदाच. त्याने मारला आणि संपलं. ईरा माझ्या कानात म्हणाली, "आई, दॅट वन युवर बर्थडे." मी तिचं तोंड दाबलं. अप्पांनी ऐकलं. खांदे हलत होते त्यांचे, हसत होते.

"हरले," म्हणाले. "नीट हरले."

अंकलनी ग्लास गोळा केले. नि. म्हणाला चला वर, वरण गरम करायचंय. तेवढ्यात अंकलनी विचारलं, "सो, नेक्स्ट सीझन व्हेन?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते, देव जाणे. उद्या सर्व्हर बंद. लीग नाही, टीम नाही, काही नाही.

अप्पांनी टॅब्लेट कव्हरमध्ये घातला, बटण लावलं, आणि म्हणाले, "फर्स्ट जून."

अंकलनी मान डोलवली. आम्ही लिफ्टने वर आलो. अप्पांची बॅग अजून उघडीच आहे, आत नुसता टॉवेल. तिकीट दोन मेचं. मी विचारलं नाही. शर्लीला सकाळी नऊच्या आत गाठलं पाहिजे, ती आल्या आल्या सर्व्हर बंद करेल.